मेलेल्या झाडांचा साक्षीदार

तिरळ्या अवालेला बलिगाबच्या माळावर ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि त्याच्या शब्दावर शंका घेणारा तर मुळीच नव्हता. आमच्याकडे माणसाच्या अंगात जी खोट असेल तेच त्याचं नाव होतं. लंगड्याला लंगडा म्हणतात, बहिऱ्याला बहिरा, आणि कुणी राग मानत नाही. अवाले रोबलेचा डावा डोळा जन्मापासून नाकाकडे वळलेला, म्हणून तो तिरळा. पण साक्षीला बोलवायचं झालं तर तोच. कुठल्या दुष्काळात कुणाचा कळप कुणाच्या कुरणात शिरला, कुठली सांडणी कुणी कुणाला आंदण दिली, असा वाद पेटला की लोक त्याच्या झोपडीची वाट धरत. तो आधी चहा पिऊन घेई, बराच वेळ जमिनीकडे बघत बसे आणि मग चार वाक्यं बोले. पाचव्याची गरज पडत नसे.

या शब्दावर त्याचा फार जीव होता. दुसरं होतंच काय त्याच्यापाशी? तरुणपणी साठ उंट होते, ते एका दुष्काळात गेले. मग बर्बेराच्या बंदरात अरबांच्या बोटींवर मेंढ्या चढवायला राहिला आणि कंबर कामातून घालवून परत आला. दोन वर्षं कोळसाही पाडला, चोरून, सगळेच पाडत होते तेव्हा. बायको वारली, मूलबाळ नाही. थोरली बहीण अंबरो, तिचे अकरा उंट, चाळीसेक शेळ्या, सुना-नातवंडं आणि बलिगाबची विहीर, एवढाच त्याचा संसार.

ती विहीर त्याच्या बापाने, रोबलेने, आणि चुलत्यांनी खणलेली. अवाले तेव्हा नऊ वर्षांचा होता. मातीच्या टोपल्या हातोहात वर देणाऱ्यांच्या रांगेत तो सगळ्यात शेवटी उभा असायचा. सात माणसं राबली त्या कामाला, अठरा पुरुष खोल गेली तेव्हा पाणी लागलं, आणि एक चुलता दरडीखाली सापडला तो परत वर आलाच नाही. आमच्या मुलखात जो विहीर खणतो ती त्याच्या वंशाची. दुष्काळात आधी त्यांची जनावरं पिणार, मग उरलेल्यांची. कागद कुणाकडेच नसतो. खणणारे सगळे मातीआड गेले होते आणि टोपल्या देणारा तो पोरगा तेवढा पासष्ट वर्षांचा होऊन उरला होता. विहीर कुणाची हे आता फक्त त्याला ठाऊक होतं, म्हणजे लोकांनी मानलं तरच.

पाऊस सलग तीनदा चुकला, तेव्हा पलीकडच्या भावकीला अचानक आठवलं की ही विहीर आपल्या आजोबांनी खणली होती. त्यांच्या वतीने बोलायला लंगडा हिर्सी होता. जीभ अशी गोड की ऐकणाऱ्याने सावध व्हावं. अवालेची बायको हिर्सीची चुलत बहीण, त्यामुळे तो अवालेला दाजी म्हणे, आणि दाजी म्हणता म्हणता खिसा चाचपून बघे. वाद बैठकीत न्यायचं ठरलं. मोठ्या पावसाच्या आधी, दोन्ही भावकींच्या बाहेरचा शिरवा म्हातारा निवाडा करणार होता. अंबरोचा सगळा जीव त्या बैठकीत अडकला होता, असं अवालेला वाटत होतं. तिने स्वतः तसं कधी म्हटलं नव्हतं, पण त्याने विचारलंही नव्हतं.

याच वर्षी शहरातून झाडांचा नवा नियम आला. कोळशावर बंदी आधीही होती, चांगली दहा वर्षं होती, आणि त्याच दहा वर्षांत आमचा माळ अर्धा बोडका झाला. होणारच. बंदी घालणाऱ्यांच्या घरचा चहासुद्धा कोळशावरच उकळत होता. गॅस परवडत नाही, वीज दिव्यापुरती, मग माणसाने चुलीत काय घालायचं, कायदा? म्हणून कुणा हुशार माणसाने तोडगा काढला. जिवंत झाडाला हात लावायचा नाही. मेलेलं झाड खुशाल तोडा, कोळसा पाडा, शहरात आणा. झाड मेलं की नाही ते गावचा जाणता माणूस ठरवील, खोडाला लाल रंगाचा पट्टा मारील आणि यादीवर अंगठा देईल. कागदावर नियम झकास दिसत होता.

तेव्हापासून माळावरची झाडं मरायला लागली. जी बाभूळ काल हिरवीगार होती ती महिन्याभरात वाळून उभी. बुंध्याशी हातभर खणायचं, मुळांवर शेणाचे निखारे लोटायचे आणि माती परत सारखी करायची. वरून काही कळत नाही. झाड आतल्या आत भाजून मरतं, आणि मेलं की ते कायद्यात बसतं.

जाणता माणूस म्हणून अवालेलाच नेमलं. त्याच्याइतकं कुणाला येत होतं? रंगाचा डबा आणि कुंचला घेऊन तो प्रत्येक झाडापाशी जाई, दुखऱ्या कंबरेने गुडघ्यावर बसे, बुंध्याची माती हाताने उकरून मुळाला नाक लावी. जळका वास आला की तो उठायचा, पट्टा न मारताच चालू लागायचा आणि जाऊन वडीलधाऱ्यांना झाड मारणाऱ्याचं नाव सांगायचा. एका हिवाळ्यात त्याने सात जणांना पकडलं. भट्टीवाल्यांचा म्होरक्या बुराले म्हणून एक दांडगा गडी होता, तो त्याला चिडवायचा. काका, मुळं हुंगत हुंगत एक दिवस तुम्हालाच पालवी फुटेल, म्हणायचा. अवाले मनातून खूश व्हायचा. इथे कोळशाच्या पोत्यापासून शहरातल्या खुर्चीपर्यंत सगळं विकलं जातं, पण आपला कुंचला विकला जात नाही, याचा त्याला अभिमान होता आणि तो रास्तच होता. चूक तिथेच झाली.

विहिरीच्या खालच्या अंगाला एक खोरं आहे. तिथे गलोल जातीच्या एकेचाळीस बाभळी होत्या, जुन्या, रुंद. कोरड्या महिन्यांत गवत संपलं की माळावरच्या उंटांना तेवढाच पाला. तीन पाऊस चुकल्यावर त्या पार उघड्या पडल्या. सालीचा रंग राखेसारखा, डहाळी वाकवली की कट्कन मोडे. महिनाअखेर यादी पुरी करून पाठवा, असा शहरातून निरोप होता. अवाले एकेका झाडाशी बसला, एकेकाची मुळं उकरली. कुठे डाग नाही, कुठे निखाऱ्याची खूण नाही. माणसाने मारलेलं नाही, म्हणजे देवाने मारलं, असं त्याने ठरवलं. लबाडी शोधायची त्याला इतकी सवय झाली होती की लबाडी नाही म्हटल्यावर आणखी काही बघायचं राहिलं असेल, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. उंट राखत होता तेव्हाचा अवाले असता तर म्हणाला असता, थांबा, एक पाऊस अंगावर पडू दे, मग बघू. बाभूळ झोपते. किती झोपेल सांगता येत नाही.

अंबरो हेच म्हणाली होती. ती शेळ्या घेऊन खोऱ्यात आली तेव्हा त्याचा कुंचला चालला होता. तिने खोडावर तळहात ठेवला आणि म्हणाली, पाऊस येईपर्यंत थांब की. तो म्हणाला, तीन पावसांची वाट बघितली, आबायो, आणखी किती बघू? थोरल्या बहिणीला आमच्याकडे आबायो म्हणतात. ती शेळ्या हाकत पुढे गेली. त्याने एकेचाळीस पट्टे मारले आणि अंगठा दिला.

बुरालेची माणसं तेव्हा टेकडीपलीकडे तोडत होती. खालचं खोरं शेवटी घेऊ, म्हणाली.

बैठकीला बारा दिवस उरले होते. दक्षिणेला दूर कुठेतरी ढग आले होते, इकडे थेंब नाही, नुसता हवेला ओलसर वास. एक शेळी चुकली म्हणून अवाले सकाळी खोऱ्यात उतरला. पहिल्याच झाडापाशी तो थबकला. लाल पट्ट्याच्या वर, राखी डहाळीवर, मोहरीएवढे हिरवे ठिपके होते. त्याने चांगला डोळा जवळ नेला. बोट लावलं तर ठिपका मऊ लागला. पुढच्या झाडावरही तेच. तो खोरंभर फिरला. दुपार होईतो त्याने सव्वीस झाडं मोजली आणि मग मोजणं सोडून दिलं.

एखाद्याला वाटेल, बरं झालं, अजून तुटली नाहीत, चार पावलं जाऊन सांगायचं की माझी चूक झाली. त्यालाही आधी तसंच वाटलं. पण आमच्याकडे साक्षीदाराचा शब्द एकदा मागे गेला की तो माणूस पुन्हा साक्षीला बसत नाही, मग गोष्ट झाडाची असो की शेळीची. बारा दिवसांनी हिर्सी उभा राहून म्हणणार: ज्याला महिन्यापूर्वीचं जिवंत-मेलेलं कळलं नाही, त्याला छप्पन वर्षांपूर्वीची विहीर बरी आठवते. आणि विहीर जाणार. अंबरोचे उंट हिर्सीच्या कळपामागे जीभ काढून उभे राहणार. तो झाडाला टेकून बराच वेळ बसला. मग उठला आणि हाताला येतील तेवढे हिरवे ठिपके नखाने खरवडून काढायला लागला. एका झाडाच्या खालच्या डहाळ्या झाल्या. वर हात पोचेना. म्हाताऱ्या माणसाने असं काही करताना कुणी पाहू नये.

तिथून तो सरळ बुरालेकडे गेला. उद्यापासून खालचं खोरं घे, म्हणाला. बुरालेने विचारलं, एवढी कसली घाई? महिना संपतोय, यादी बंद होईल, असं अवालेने सांगितलं. आयुष्यात तो पहिल्यांदाच कारण नसलेलं कारण सांगत होता आणि ते त्याला फारसं जमलं नाही. पण कामाला नाही कोण म्हणतो?

दुसऱ्या दिवशी पहिला घाव पडला तेव्हा अवाले तिथेच उभा होता. बुरालेने ढलपी उचलली, अंगठ्याने दाबली आणि त्याच्याकडे बघितलं.

"काका, लाकूड ओलं आहे."

"दव पडलं असेल."

"दव सालीवर असतं, काका. गाभ्यात नसतं."

बुरालेने ढलपी टाकली आणि हात लुंगीला पुसले.

"माझं काय जातंय," तो म्हणाला. "पट्टा तुमचा आहे. मी फक्त कुऱ्हाड चालवतो."

पाच दिवसांत खोरं साफ झालं. लाकडं रचली, वर जुने पत्रे घातले, माती लिंपली आणि भट्ट्या पेटवल्या. आता ज्याने कधी कोळसा पाडला आहे, आणि आमच्याकडे न पाडलेला माणूस सापडायचा नाही, त्याला धुराची भाषा शिकवावी लागत नाही. वाळलेलं लाकूड असलं की पहिला दिवस पांढरा धूर येतो, आतलं पाणी निघून जातं, मग धूर निळा आणि विरळ होतो. ओलं, जितं लाकूड असलं की पांढरा धूर थांबत नाही. त्या भट्ट्यांतून दोन दिवस पांढरा धूर निघाला. तिसऱ्या दिवशी निघाला. पाचव्या दिवशीही तसाच, जाड, कापसासारखा, खोऱ्यातून उठून माळावर पसरत होता. बायका सकाळी झोपडीतून बाहेर येत, तिकडे बघत आणि शेळ्या सोडत. पुरुष चहाच्या टपरीवर तिकडे पाठ करून बसायला लागले. अवाले घराबाहेर पडायचा बंद झाला. धूर मात्र फटीफटीतून आत यायचा.

सातव्या दिवशी बैठक होती. त्या दिवशीही धूर पांढराच होता.

दोन्ही भावकींचे मिळून साठेक पुरुष वर्तुळात बसले. बायका पाठीमागे, ऐकू येईल इतक्या अंतरावर. त्यांच्यात अंबरो होती. अवालेने ग्रंथावर हात ठेवून शपथ घेतली आणि विहिरीची हकिगत सांगितली. सात माणसांची नावं सांगितली, टोपल्या कशाच्या विणल्या होत्या ते सांगितलं, चुलता दबला त्या दिवशी बाप किती वेळ रिकाम्या दोराकडे बघत उभा होता तेही सांगितलं. सगळं खरं होतं. ऐकणाऱ्यांना ते खरं असल्याचं कळत होतं.

मग लंगडा हिर्सी काठी टेकत उठला.

"दाजी," तो म्हणाला, "तुमची नजर कशी आहे हल्ली?"

"आहे तशीच आहे. एक तुझ्याकडे, एक नाकाकडे."

काही जण हसले. हिर्सीसुद्धा हसला.

"मग त्याच नजरेने खालच्या खोऱ्यातली झाडं बघितलीत ना? एकेचाळीस. आता बैठकीपुढे सांगा. ती मेलेली होती?"

वारा फिरला तो नेमका तेव्हा, आणि भट्ट्यांचा धूर बैठकीवर आला. माणसं खोकायला लागली, डोळे चोळायला लागली. शिरवा म्हाताऱ्याने खांद्यावरचं फडकं तोंडाला लावलं आणि ते लावूनच तो धुराकडे बघत राहिला. त्याने स्वतः वीस वर्षं भट्ट्या लावल्या होत्या. अवालेच्या मनात एकच गोष्ट घोळत होती, की ग्रंथावर हात विहिरीसाठी ठेवला होता, झाडांसाठी नाही. बुडणारा माणूस असंच काहीतरी धरतो.

"मेलेली होती," तो म्हणाला.

हिर्सी म्हणाला, चला तर, सगळे मिळून बघून येऊ. शिरवाने फडकं खाली घेतलं. काय बघायचं, नुसते खुंट? त्याने विचारलं. झाडावर पाला होता असं प्रत्यक्ष पाहिलेला कुणी आहे का इथे? बुराले पहिल्या रांगेत होता, तो पायाचा अंगठा मातीत फिरवत बसला. तिथल्या अर्ध्या लोकांची मुलं त्याच्याकडे कामाला होती, हिर्सीची दोन होती. मागे बायकांत अंबरो होती, जिच्या शेळ्यांनी तोडलेल्या डहाळ्यांवरचे हिरवे कोंब खाल्ले होते. तीही गप्प राहिली. शिरवाने बराच वेळ वाट पाहिली, जरा जास्तच. मग त्याने निवाडा दिला, साक्ष उभी आहे, विहीर रोबलेच्या वंशाची. एवढं म्हणून तो उठला आणि अवालेशी हात न मिळवता गेला. निकाल लागल्यावर साक्षीदाराचा हात हातात घ्यायची रीत आहे. बाकीच्यांनीही घेतला नाही.

पुढच्या आठवड्यात शहरातून अधिकारी आला, हसतमुख, गाडीतून. बलिगाबच्या यादीवर एकही तक्रार नाही, एकही झाड मारल्याची खूण नाही, असं काम जिल्ह्यात कुठे झालं नाही, म्हणाला. त्याने अवालेच्या नावावर आणखी दोन खोरी लावली आणि रंगाचे चार डबे झोपडीच्या दाराशी उतरवून ठेवले. अवालेने नको म्हणायला तोंड उघडलं होतं. पण नको म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं.

पाऊस आला, थोडाच. गवत वीतभर वाढलं आणि महिन्यात पिवळं पडलं. दरवर्षी गवत संपलं की उंट खोऱ्यात उतरायचे. यंदाही उतरले, खुंटांमधून इकडून तिकडे फिरले आणि भुकेले परत आले. काही खुंटांना कोंब फुटले होते, ते शेळ्यांनी दोन दिवसांत संपवले. खोऱ्यातून धूळ उठून विहिरीवर यायला लागली. एकेक करून आमच्याच भावकीची बिऱ्हाडं हलली.

मग एका सकाळी अवाले विहिरीवर गेला तर अंबरोच्या झोपडीच्या कामट्या आणि चटया उंटाच्या पाठीवर बांधलेल्या होत्या. वर दुधाची मडकी, त्यावर तिची धाकटी नात. पूर्वेला आठ दिवसांच्या वाटेवर तिच्या नवऱ्याच्या माणसांचं कुरण होतं, तिकडे ती निघाली होती. अवालेने पोहरा सोडला आणि उंटांना शेवटचं पाणी ओढायला लागला. कंबर मोडत होती तरी त्याने सुनांना हात लावू दिला नाही. अकराही उंट प्याले. मग तो म्हणाला, कशाला जातेस, आबायो, विहीर आपली आहे.

अंबरो दोर गुंडाळत होती. ती थांबली.

"उंट पाणी पिऊन किती दिवस काढतील, अवाले?"

"तुझ्यासाठीच केलं मी," तो म्हणाला. "हिर्सीने विहीर घेतली असती. त्याच्या कळपाच्या मागे उभं राहावं लागलं असतं तुला."

ती त्याच्याकडे बघत राहिली. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"राहिले असते उभी," ती म्हणाली. "आई नव्हती का राहत, ही विहीर नव्हती तेव्हा? दुपारपर्यंत थांबायचं, मग आपला नंबर. खोऱ्यात सावलीला बसले असते. एकदा मला विचारायचं तरी होतंस."

तिने फडक्याने तोंड झाकून घेतलं, पुढच्या सांडणीची दोरी ओढली, आणि बसलेले उंट एकामागून एक उठून उभे राहिले.